एक निरोप, आठ तालुके

अशी कल्पना करा, की सिंधुदुर्गनगरीच्या, म्हणजे ओरोसच्या, जिल्हा कचेरीत तुम्ही बसला आहात. तुमच्या हाती एक निरोप आला आहे: 'समुद्र खवळणार आहे, होड्या पाण्यात लोटू नका.' जिल्ह्यातील आठही तालुक्यांच्या मुख्य गावी हा निरोप संध्याकाळच्या आत पोचला पाहिजे. वीज गेली आहे, टेलिफोन बंद आहेत. कचेरीबाहेर सायकलवाले शिपाई मात्र हवे तितके उभे आहेत. किती शिपाई पाठवाल?

'आठ गावे, आठ शिपाई' हे उत्तर तुमच्या ओठांवर आलेच असेल. ते चूक नाही, पण उधळेपणाचे आहे. जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. ओरोसहून महामार्ग उत्तरेला कसालकडे जातो. कसालच्या तिठ्यावर मालवणचा रस्ता फुटतो. महामार्ग तसाच पुढे कणकवलीला आणि तेथून नांदगावला जातो. नांदगावला देवगडचा फाटा आहे. पुढे तळेरे लागते आणि तेथून वैभववाडीकडे वळायचे. आता दक्षिणेकडे पाहा. आधी कुडाळ, कुडाळहून एक रस्ता वेंगुर्ल्याला, दुसरा सावंतवाडीला, आणि सावंतवाडीच्या पुढे दोडामार्ग. दोन नाक्यांमधल्या रस्त्याला आपण एक टप्पा म्हणू.

प्रत्येक शिपायाचे टप्पे मोजा. मालवणचा २, कणकवलीचा २, देवगडचा ४, वैभववाडीचा ५, कुडाळचा १, वेंगुर्ल्याचा २, सावंतवाडीचा २ आणि दोडामार्गाचा ३. बेरीज २१. त्यातही गंमत अशी, की ओरोस ते कसाल या टप्प्यावर चार शिपाई एकामागोमाग सायकल हाकत आहेत आणि चौघांच्याही पिशवीत अक्षरशः एकच मजकूर आहे!

दुसरी रीत अशी. दोनच शिपाई पाठवा. एक कसालला, एक कुडाळला. कसालच्या तिठ्यावर बसलेल्या माणसाने निरोपाच्या दोन नकला कराव्यात, एक मालवणच्या वाटेने आणि एक कणकवलीच्या वाटेने धाडावी. जिथे वाट फुटते तिथेच नक्कल, त्याआधी नाही. आता टप्पे भरतात ११. आणि प्रत्येक गावात शंभर माणसांना निरोप द्यायचा असता तर? पहिल्या रीतीने २१००, दुसऱ्या रीतीने रस्त्यावर तेच ११; शंभर नकला होतील त्या गावात पोचल्यावर.

तिसरी एक रीत तुमच्या आजोबांच्या चांगली ओळखीची आहे. दवंडी पिटायची! ती सगळ्यांना ऐकू जाते. ज्यांना हवी त्यांना, आणि ज्यांना नको त्यांनाही. घाटमाथ्यावरच्या आंबोलीत होड्यांचा निरोप ऐकून कोणी काय करावे?

संदेशवहनाच्या शास्त्रात या तिन्ही रीतींना नावे आहेत. एकेकाला वेगळी प्रत म्हणजे एकप्रेषण, ज्याला इंग्रजीत युनिकास्ट म्हणतात. दवंडी म्हणजे सर्वप्रेषण, अर्थात ब्रॉडकास्ट. आणि ज्यांनी मागणी केली आहे तेवढ्यांनाच, पण वाट फुटेपर्यंत एकच प्रत नेऊन, ही मधली रीत म्हणजे बहुप्रेषण, अर्थात मल्टिकास्ट. या लेखात आपल्याला बहुप्रेषणाशी काम आहे. कारण इतकी उघड शहाणपणाची वाटणारी ही रीत इंटरनेटवर चाळीस वर्षे होत आली तरी सर्वत्र नांदलेली नाही. ती का नांदली नाही आणि आता कोणते नवे बेत शिजत आहेत, ते पाहू.

तेच चित्र, कोट्यवधी वेळा

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तो मोबाइलवर एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या ५ कोटी ९० लाखांवर गेली होती. प्रत्येक फोनला सेकंदाला २ मेगाबिट एवढी माहिती लागते असे धरा. गुणाकार केलात तर उत्तर येते ११ कोटी ८० लाख मेगाबिट, म्हणजे ११८ टेराबिट, आणि तेही दर सेकंदाला! चेंडू एक, फलंदाज एक, चित्र एक. पण कुडाळच्या एका चाळीतल्या दहा फोनांसाठी ते दहा वेळा वेगवेगळे निघाले, कारण इंटरनेटवरून असे सामने एकप्रेषणाने येतात.

मग जाळे कोसळत कसे नाही? कंपन्या मोठमोठ्या शहरांत आपले साठे ठेवतात. सामन्याचे तुकडे आधी त्या साठ्यांत येतात आणि तेथून घरोघर जातात. वैभववाडीचा शिपाई ओरोसहून न निघता तळेऱ्याहून निघावा, तसे हे झाले. पल्ला कमी झाला; शेवटच्या वाटेवरची गर्दी आहे तेवढीच राहिली. आणि असे साठे जागोजाग उभारणे ज्याच्या गाठी पैसा आहे त्यालाच परवडते. एखाद्या शाळेला आपले स्नेहसंमेलन लाखभर लोकांना थेट दाखवायचे असेल, तर तिला कोणा मोठ्या कंपनीच्या दारात उभे राहण्यावाचून गत्यंतर नाही.

एकप्रेषणाचा दुसरा दोष पैशापेक्षाही वाईट आहे. आठ शिपाई एकाच दारातून बाहेर पडायचे, तर कोणीतरी पहिला आणि कोणीतरी आठवा असणारच. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमध्ये २०१० पासून काही वर्षे प्रत्येक सौद्याची माहिती दलालांच्या यंत्रांना अशी एकामागोमाग दिली जात होती. ज्याचे यंत्र आधी जोडले गेले, त्याला माहिती आधी. फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा. पण यंत्रेच जिथे खरेदी-विक्री करतात तिथे तेवढा अंशही पुरतो. या प्रकरणाची मोठी चौकशी झाली आणि 'सेबी' या नियामक मंडळाच्या ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात या रचनेची सविस्तर चर्चा आहे. पुढे त्या बाजाराने ही माहिती बहुप्रेषणाने द्यायला सुरुवात केली. नक्कल करण्याचे काम जाळ्यातच होऊ लागले, की रांगेचा प्रश्नच बराचसा मिटतो.

ध्यानात कोणी ठेवायचे?

बहुप्रेषणाची इंटरनेटसाठी पद्धतशीर मांडणी केली स्टीव्ह डीअरिंग या अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने. त्याचा ठरीव नियम ऑगस्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची युक्ती अशी: निरोपावर कोणा एका यंत्राचा पत्ता लिहायचाच नाही, गटाचा पत्ता लिहायचा. इंटरनेटचे पत्ते चार आकड्यांचे असतात. त्यातील ज्यांचा पहिला आकडा २२४ ते २३९ आहे ते सारे पत्ते गटांसाठी राखून ठेवले. ज्याला निरोप हवा असेल, त्याने आपल्या जवळच्या राउटरला, म्हणजे जाळ्यातल्या वाटाड्याला, 'मी या गटात आहे' असे सांगायचे. पाठवणाऱ्याला श्रोत्यांची यादी ठेवावी लागत नाही. किंबहुना श्रोते किती आहेत हेही त्याला ठाऊक नसते.

वाटाड्या हजेरी कशी घेतो, ते फार मजेदार आहे. अधूनमधून तो विचारतो, 'अमुक गटाचे कोणी आहे का?' वर्गात असे विचारले तर साठ मुले एकदम ओरडतील! म्हणून प्रत्येक यंत्र मनाशी एक आकडा धरून तितका वेळ थांबते. ज्याचे थांबणे आधी संपेल ते 'आहे' म्हणते आणि ते ऐकून बाकीची गप्प बसतात. वाटाड्याला नावे नकोच आहेत. या बाजूला कोणी एक जरी असेल तर प्रत पाठवायची, एवढेच त्याला हवे.

मार्च १९९२ मध्ये इंटरनेटच्या अभियंत्यांची अमेरिकेत सॅन डिएगो येथे सभा भरली, तेव्हा तिचा आवाज या रीतीने तीन खंडांतील २० ठिकाणी पोचवण्यात आला. १८ नोव्हेंबर १९९४ रोजी 'रोलिंग स्टोन्स' या प्रख्यात वाद्यवृंदाचा कार्यक्रमही असाच गेला. पण तो सुरू होण्यापूर्वी त्याच जाळ्यावर संगणक-संशोधकांचा एक हौशी वाद्यवृंद न बोलावता येऊन वाजवून गेला! कारण मूळ मांडणीत कोणीही गटाच्या पत्त्यावर काहीही पाठवू शकत असे. तेव्हा लोक हसले. पण वादळाच्या इशाऱ्याच्या पत्त्यावर कोणी खोटा निरोप सोडला तर? ते हसण्यावारी नेता येणार नाही.

याहून मोठी अडचण स्मरणशक्तीची होती. ती समजायला आपला पिनकोड पाहा. सिंधुदुर्गातील पिनकोड ४१६ ने सुरू होतात. त्यामुळे नागपूरच्या टपाल छाननी करणाऱ्याला ओरोस कुठे, मालवण कुठे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. तो पहिले तीन आकडे पाहतो आणि पत्र पुढे ढकलतो. इंटरनेटचे नेहमीचे पत्तेही असेच जथ्याने हाताळता येतात. पण गटाला गाव नसते. 'क्रिकेट पाहणारे' कोणत्या पिनकोडात राहतात? ते सगळीकडे आहेत. म्हणून वाटेवरच्या प्रत्येक वाटाड्याला प्रत्येक गटासाठी स्वतंत्र नोंद ठेवावी लागते: या गटाची प्रत इकडे, त्या गटाची तिकडे. दहा गट असतील तर ठीक. दहा लाख झाले की कसालच्या तिठ्यावरचा माणूस वह्यांच्या ढिगाखाली गाडला गेलाच म्हणून समजा. शिवाय ही वही सांभाळण्याचे पैसे कोण देणार? निरोप ओरोसचा, श्रोता मालवणचा, आणि कष्ट कसालचे!

म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाळ्यांनी एकमेकांचे गट सांभाळायला नकार दिला आणि बहुप्रेषण ज्याच्या त्याच्या कुंपणाआड राहिले: शेअर बाजाराच्या आत, एखाद्या टेलिफोन कंपनीच्या दूरचित्रवाणी सेवेच्या आत. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा एका प्रश्नात आहे: कोणाला काय हवे हे ध्यानात कोणी ठेवायचे? नव्या रचनांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. त्यातली दोन पाहू.

पहिले उत्तर: वाटाड्याने काहीच ध्यानात ठेवू नये, निरोपाच्याच कपाळावर लिहावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीचे नाव 'बीअर'. आपल्या जिल्ह्याला ती जणू मापून शिवली आहे, कारण आपले तालुके बरोबर आठ. त्यांना क्रम देऊ: मालवण, कणकवली, देवगड, वैभववाडी, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग. आता आठ घरांची एक पट्टी घ्या. ज्या गावाला निरोप हवा त्याच्या घरात १, नको तिथे ०. होड्यांचा निरोप फक्त किनाऱ्याच्या तीन तालुक्यांना द्यायचा, तर पट्टी झाली १०१००१००.

ओरोसच्या वाटाड्याजवळ एक कायमचा तक्ता असतो. उत्तरेच्या रस्त्याने कोणती गावे लागतात? ११११००००. दक्षिणेच्या? ००००११११. निरोपाची पट्टी आणि तक्त्यातली पट्टी एकाखाली एक मांडा. जिथे दोन्हींत १ आहे तिथे १ लिहा, बाकी सगळीकडे ०. उत्तरेच्या प्रतीवर येते १०१०००००, दक्षिणेच्या प्रतीवर ०००००१००. कसालला हेच पुन्हा. मालवणच्या वाटेचा तक्ता १०००००००, कणकवलीच्या वाटेचा ०१११००००. म्हणून मालवणकडे जाणाऱ्या प्रतीवर १००००००० आणि कणकवलीकडे जाणाऱ्या प्रतीवर ००१०००००. कणकवलीच्या घरात ० आहे, तेव्हा कणकवली निरोप न उघडता नांदगावकडे सोडते. गट एक असो वा दहा लाख, तक्ता तोच. वही संपली!

फुकट मात्र काहीच मिळत नाही. गावे वाढली की पट्टी लांबते. प्रत्यक्षात बहुधा २५६ घरांची पट्टी घेतात. पण जिल्ह्यातील प्रत्येक फोनला एक घर द्यायचे म्हटले, तर निरोपापेक्षा पट्टीच कितीतरी पट मोठी होईल. म्हणून ही युक्ती एकेका कंपनीच्या जाळ्यात, मोठ्या नाक्यांपुरती शोभते.

दुसरे उत्तर अधिक धाडसी आहे. ते म्हणते, पत्तेच टाकून द्या! व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ते मांडले आणि २०१० पासून अमेरिकेत 'नेम्ड डेटा नेटवर्किंग' या नावाने त्यावर काम सुरू झाले. यात यंत्रांना नव्हे, मजकुराला नाव असते. समजा, 'सिंधुदुर्ग/हवामान/आजचा इशारा'. मालवणचा फोन 'हे नाव असलेला मजकूर हवा' अशी मागणी सोडतो. ती कसालला येते. कसाल टिपून ठेवतो, 'मालवणने मागितले', आणि मागणी ओरोसकडे धाडतो. इतक्यात कणकवलीहून तीच मागणी येते. कसाल ती पुढे पाठवतच नाही. त्याच नोंदीपुढे 'कणकवलीनेही' एवढे लिहितो. ओरोसहून मजकूर एकदाच येतो, कसालला त्याच्या दोन प्रती होतात आणि नोंद पुसली जाते. पाहा, बहुप्रेषण असे कोणी ठरवलेच नाही, ते आपोआप घडले! शिवाय कसाल एक प्रत स्वतःजवळही ठेवतो. उशिरा मागणाऱ्याला ती तिथेच मिळते.

मजकुरावर लिहिणाऱ्याची संगणकी सही असते. म्हणून तो कोणाच्या हातून आला हे पाहावे लागत नाही, सही खरी आहे का एवढेच पाहायचे. त्या बिनबोलाव्या वाद्यवृंदाची इथे डाळ शिजणार नाही. पण वही मात्र परत आली, हे तुमच्या लक्षात आले असेल. नोंद क्षणभराचीच; तरी लाखो मागण्यांची क्षणभराची वहीही लहान नसते.

हरवलेले पुडके

आणखी एक कोडे दोन्ही रीतींपुढे आहे. इंटरनेटवर मजकूर लहान लहान पुडक्यांत जातो आणि काही पुडकी वाटेत हरवतात. एकप्रेषणात श्रोता 'मिळाले' असे कळवतो. लाख श्रोत्यांनी एकदम कळवायला सुरुवात केली, तर पाठवणारा त्या उत्तरांखालीच चिरडेल. यावरचा तोडगा तुम्ही कागदावर करून पाहू शकता. ७, ३, ९, ५ हे चार आकडे पाठवायचे आहेत. त्यांच्याबरोबर पाचवा, बेरजेचा २४, पाठवा. मालवणला ९ हरवला, देवगडला ३ हरवला. दोघांनीही हाती आलेले आकडे २४ मधून वजा करावेत. एकाला ९ मिळेल, दुसऱ्याला ३. दोघांची हानी वेगळी, औषध एकच. आणि कोणी काही विचारायला आले नाही. दोन आकडे हरवले तर मात्र ही बेरीज पुरत नाही. तेव्हा अधिक चतुर गणित लागते.

आता त्या होड्यांकडे परत येऊ. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. आपल्याकडे झाडे आणि विजेचे खांब कोसळले, अनेक गावे अंधारात गेली. अशा दिवशी कोणती रीत कामी येईल? नावाने मागण्याची रीत इथे अडखळते, कारण येणाऱ्या संकटाची मागणी आधी कोण करणार? २०२३ मध्ये देशभरच्या फोनांवर चाचणीचा इशारा कर्कश आवाज करीत उमटला होता, तो तुम्हाला आठवत असेल. ती मनोऱ्याने पिटलेली दवंडी होती: मनोरा एकदाच बोलतो आणि त्याच्या टापूतले फोन ऐकतात. खोल समुद्रात मनोऱ्याची हाक पोचत नाही. तिथल्या होड्यांसाठी २०१९ मध्ये 'जेमिनी' हे लहानसे यंत्र आले; ते 'गगन' उपग्रहांचा निरोप झेलते आणि नाखव्याच्या फोनला देते.

पण इशाऱ्यानंतरचे दिवस निराळे असतात. कोणता रस्ता बंद, कोणत्या शाळेत निवारा, वीज केव्हा येणार, हे सारे लोक स्वतःहून मागतात, आणि हजारो लोक तेच तेच मागतात, तेही उरल्यासुरल्या एखाद्या बारीक तारेवरून. ती तार तुटली तरी कसालला प्रत शिल्लक असेल, तर मालवणला उत्तर मिळेल. या वेळी नावाची रीत आपले मोल दाखवू शकते. माझा अंदाज विचाराल, तर पुढच्या जाळ्यात यातली कोणतीही एकच रीत राज्य करणार नाही. दवंडी, पट्टी आणि वही तिन्ही नांदतील.

शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर घ्यावा. अकरा दोऱ्या आणि बारा मुले लागतील: ओरोस, कसाल, नांदगाव, तळेरे आणि आठ तालुके. (खऱ्या तारांचा नकाशा रस्त्यांसारखाच असेल असे नाही, खेळाला रस्ते पुरेत.) आधी आठ चिठ्ठ्या वेगवेगळ्या पाठवा, मग पट्टीच्या रीतीने एकच. दोन्ही वेळी घड्याळ लावा. नंतर कसाल ते मालवण ही दोरी कापून टाका आणि कुडाळ ते मालवण अशी नवी बांधा, कारण तोही रस्ता आहे. निरोपाच्या पट्टीला हात लावू नका. ओरोस, कसाल आणि कुडाळ यांनी आपापल्या तक्त्यातला मालवणचा १ कुठून काढून कुठे लिहायचा, हे त्या तीन मुलांनाच शोधू द्या.